नव्या बाईंना खोली मिळेल का?

जूनचा दुसरा आठवडा होता. इंदापूरच्या एसटी स्टँडवरून वडाप धरून नव्या बाई गावात आल्या. हातात रुजू होण्याचं पत्र, सोबत वडील. शाळा बघून झाली, मुख्याध्यापकांनी चहा पाजला, मग खोली बघायला निघालो. पहिल्या घरी विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं?" नांदेडकडचं सांगितलं. "आणि पूर्ण नाव?" तेही सांगितलं. घरमालक जरा घुटमळले. "खोली हाय ओ, पण दिवाळीला पोरगा येतोय पुण्यावरनं." दुसऱ्या घरी, "तुमच्यात वशाट चालत असंल. आमच्या म्हातारीला जमायचं नाही." मागच्या अंगणात त्याच म्हातारीच्या कोंबड्या हिंडत होत्या. तिसऱ्या घरी भाडं असं सांगितलं की वडिलांनीच हात जोडले. दिवेलागणीला बाई परत इंदापुरात गेल्या आणि तिथंच राहिल्या.

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत होतो आणि त्या तिन्ही घरांत त्यांना नेणारा मीच. दोन वर्षांनी ग्रामसभेत विषय निघाला: शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, त्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी रहिवासाचा ठराव द्यायचा नाही. सगळ्यात मोठा आवाज पहिल्या घरमालकांचा. मी मान खाली घालून बसलो. एक शब्द बोललो नाही, आणि ते आजही टोचतं.

हा लेख बारामती-इंदापूर भागातल्या जिल्हा परिषद शाळांच्या पालकांसाठी, समितीच्या सदस्यांसाठी आणि गावकीत ज्यांचा शब्द चालतो त्यांच्यासाठी आहे. शिक्षक कोण यावा हे गावाच्या हातात नाही. भरती पवित्र पोर्टलवरून होते, जागा बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमानं भरतात, बदल्या संगणक करतो. त्यामुळे निरनिराळ्या समाजांतली, निरनिराळ्या जिल्ह्यांतली माणसं आपल्या शाळेत आपोआप येतच असतात. आलेलं माणूस रुळतं की पहिल्या संधीला बदली घेतं, हे मात्र बहुतेक वेळा गाव ठरवतं. त्याबद्दलच चार कामाच्या गोष्टी सांगतो.

आधी एक शंका. शिक्षक कुणीही असला तरी बाराखडी तीच, मग स्त्री-पुरुष, या समाजाचा-त्या समाजाचा हा हिशोब कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न वावगा नाही. आंध्र प्रदेशातल्या खेड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. बाई शिकवायला असल्या की मुलींची प्रगती थोडी पण नक्की जास्त होते, आणि मुलांचं त्यात काहीच नुकसान होत नाही, असं त्यांना दिसलं. अमेरिकेत काळ्या मुलांबाबत असाच अभ्यास झाला. तिसरीपर्यंत ज्यांना एक तरी काळा शिक्षक लाभला, त्यांचं पुढे कॉलेजात जाण्याचं प्रमाण तसा शिक्षक न लाभलेल्यांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त निघालं. यात जादू काही नाही. फळ्यापुढं आपल्यातलं माणूस उभं दिसलं की पोराला ती जागा आपल्यासाठीही आहे असं वाटतं. आणि बागायतदाराच्या पोराला दुसऱ्या समाजातल्या गुरुजींच्या हाताखाली चार वर्षं काढावी लागली, तर त्याचंही डोकं जरा मोकळं होतं. हा दुसरा फायदा आपण मोजत नाही. माझ्या मते तो पहिल्याहून मोठा आहे.

आपल्याकडे हे कुणी शिकवायची गरजही नव्हती. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका शाळेत बसवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवू घातली, आणि खेड्यातल्या असल्याच पोरांतून शिक्षक घडावेत म्हणून १९३५ साली तिथंच ट्रेनिंग कॉलेज काढलं. सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के जागा देणारं महिला धोरण १९९४ चं. ते आणणारे तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार बारामतीचेच. तरी आज आपल्या वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत दोन्ही गुरुजीच असतात आणि पाचवीतल्या मुलीला पोटात दुखलं तर ती कुणालाच सांगत नाही. हे खटकत नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

कामाला लागायचं तर पहिल्यांदा मोजा. शाळेचा यू-डायस क्रमांक बाहेरच्या फलकावर असतो. तो केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर टाकला की शिक्षक किती, त्यांत स्त्रिया किती, पुरुष किती, स्वच्छतागृहं किती, ही माहिती मोबाइलवर निघते. प्रत्यक्षाशी ती जुळते का बघा. मग शाळेत एक दिवस नुसतं बसून या. पहिलीचा वर्ग कायम बाईंकडे आणि सातवीचं गणित कायम सरांकडेच का? साहेब तपासणीला आले की चहा कोण ठेवतं, आणि शाळेचा अहवाल कोण वाचून दाखवतं? परिपाठात पुढं उभी राहणारी चार पोरं तीच ती असतात का? ही मोजणी कागदावर करा. "आमच्या शाळेत तसं काही नाही" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांत मीही होतो.

एक मोजणी मात्र करू नका. शिक्षकांच्या जातींचा तक्ता गावाने करायचा नाही. ते काम आस्थापनेचं, त्यासाठी बिंदुनामावली आहे. "ह्या मॅडम कोट्यातल्या" हे वाक्य पारावर एकदा निघालं की आठ दिवसांत ते चौथीच्या वर्गात पोचतं, आणि मग मॅडमनी मोजपट्टी मागितली तरी पोरं एकमेकांकडे बघून हसतात. समितीच्या बैठकीत कुणी तसं बोललं तर तिथंच थांबवा. पाहुण्यारावळ्यांत बोलतील, त्याला इलाज नाही; शाळेच्या ओसरीवर नको.

आता रिकाम्या जागांचं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक हवेत. किती पदं मंजूर होतात ते संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता बघते ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार जुळलेला. नावातलं एक अक्षर चुकलं, जन्मतारीख जुळली नाही, की तुमचं पोर वर्गात बसलेलं असूनही मोजणीत नसतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये समितीने घरोघर फिरून आधारच्या दुरुस्त्या करून घ्याव्यात. कंटाळवाणं काम आहे. पण दोन पोरांमुळे एक पद गेलेलं मी पाहिलंय.

बदल्यांत गावाला मत नसतं. विशेष संवर्ग भाग एक, पती-पत्नी एकत्रीकरणाचा भाग दोन, अवघड क्षेत्रातून आलेले, असा क्रम ठरलेला असतो. तरी काही पदं समानीकरणासाठी, म्हणजे रिकाम्या जागा सगळीकडे सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून, मुद्दाम रिकामी ठेवतात. तुमची शाळा त्या यादीत जाऊ नये, यासाठी लेखी मागणी करता येते आणि ती वेळेत केली तर वाचली जाते. आमदारांच्या माणसाला फोन करून "आपला अमुक गुरुजी आणा" म्हणणं हा जुना रस्ता आहे. त्यानं आलेला गुरुजी ज्यानं आणला त्याचाच होऊन राहतो. शाळेला टाळं ठोकणं हा दुसरा रस्ता. फोटो छान येतो, नुकसान पोरांचं होतं. त्यापेक्षा समितीचा ठराव करा. भाषा साधी ठेवा, साधारण अशी:

"आमच्या शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग असून मंजूर पदे इतकी व कार्यरत शिक्षक इतके आहेत. सहावी-सातवीस गणित-विज्ञानाचे शिक्षक नाहीत. वरच्या तीन वर्गांत मुलींची संख्या इतकी असून शाळेत एकही महिला शिक्षक नाही. येत्या समायोजनात, बदल्यांत अथवा नव्या नेमणुकांत सदर पद भरण्यात यावे व समानीकरणात ते रिक्त ठेवू नये, असा ठराव सर्वानुमते मंजूर."

हा ठराव पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, प्रत जिल्हा परिषद, पुणे येथील शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. पोचपावती घ्या. पोच नसलेला कागद म्हणजे सांगितलेली गोष्ट. त्यात कुणा शिक्षकाचं नाव मागू नका, जात तर नाहीच. "महिला शिक्षक" असं म्हणणं योग्य आहे, कारण मुलींचा आकडा त्यामागं उभा आहे.

ठराव करणारी समिती खरी असली पाहिजे. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर तसं असतंच. बैठकीला मात्र बायकांच्या जागी त्यांचे मालक येतात, सह्या मागाहून घरी जाऊन होतात, आणि पारधी वस्तीवरचा सदस्य दाराजवळ उभाच राहतो, कारण बस म्हणायला कुणी नसतं. इलाज फार मोठा नाही. बैठक खुरपणीला जायच्या आधी सकाळी साडेसातला घ्या, किंवा बायका पोरांना सोडायला येतात तेव्हाच घ्या. सतरंजी अंथरा, खुर्च्या एकालाही देऊ नका. खुर्चीवर कोण आणि खाली कोण हा प्रश्नच उरत नाही. आमच्याकडे सतरंजीनं जे केलं ते दोन प्रशिक्षणांनी केलं नव्हतं.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. दिवाळी झाली की इथं दोन वाटा उलट्या चालतात. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातले मेंढपाळ मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात, त्यांची पोरं पटावर नुसती नावापुरती उरतात. त्याच वेळी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांच्या परिसरात बीड-जालन्याकडून ऊसतोडीचे कोयते येतात आणि पाचटाच्या कोप्यांत शेकडो पोरं येऊन पडतात. बारामतीच्या एमआयडीसीत हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत, ती वेगळीच. ३० सप्टेंबरचा पट घेतला जातो तेव्हा ऊसतोडीची पोरं इथं नसतात, म्हणून त्यांच्यासाठी इथं शिक्षक मंजूर होत नाही. दोन शिक्षकांवर नोव्हेंबरात वीस पोरं वाढली की गुरुजी वैतागतात, पालकही म्हणतात, "ह्यांच्यामुळं आमच्यांचं मागं पडतंय."

कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि पोराला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. बाहेर जाणाऱ्या पोरांना मूळ शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. आपल्या मेंढपाळांच्या पोरांना ते दिवाळीच्या सुट्टीआधी मिळालं का, हे समितीनं विचारावं.

पण कायद्यानं पोर वर्गात बसतं, बोलतं होत नाही. भवानीनगरच्या बाजूला एका शाळेत डिसेंबरात गेलो होतो. दुसरीच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, दीड महिना गप्प. वर्गावरच्या बाईंनी फळ्यावर 'आई' लिहिलं आणि विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? पोरं ओरडली, "मम्मी", "आये". बाई मुलीजवळ जाऊन खाली बसल्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "याडी." बाईंनी 'आई'च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'याडी' लिहिलं. मुलगी भावाला खाली ठेवून फळ्यापर्यंत गेली आणि त्या शब्दावरून बोट फिरवून परत आली. खडूनं माखलेलं बोट तिनं फ्रॉकला पुसलं नाही, तसंच धरून बसली.

नंतर कळलं, त्या बाई स्वतः ऊसतोडीच्या घरातल्या. लहानपणी आपण अशाच खाली मान घालून बसायचो, असं त्या म्हणाल्या. पण याला त्याच समाजाचं असावं लागतं असं मुळीच नाही. उजनी धरणाच्या पलीकडे माढा तालुक्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींच्या वर्गात कन्नड बोलणारी मुलं होती. गुरुजींनी कन्नड शिकून घेतलं, धडे मुलांच्या भाषेत नेले, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. तुमच्या शाळेत ज्या बोली घरी बोलल्या जातात, त्यांतले वीस-तीस शब्द भिंतीवर लावायला एक कार्डशीट आणि एक दुपार पुरते. कोप्यांवरची एखादी शिकलेली पोरगी हंगामात रोज तासभर वर्गात बसायला तयार असेल तर तिला चहापाण्यापलीकडे काही द्यायची तजवीज लोकवर्गणीतून करा. फुकट राबवू नका. आणि महिन्यातून एखाद्या दुपारी गावातली माणसं वर्गात बोलवा: मेंढपाळ, कुंभारगावच्या बाजूचा मच्छीमार, पिठाची गिरणी चालवणारी बाई. भाषण नको, त्यांनी काम दाखवावं. हिवाळ्यात फ्लेमिंगो कुठं उतरतात हे भोयाच्या पोराला पुस्तकाहून जास्त माहीत असतं. ते त्याला वर्गात सांगता येऊ दे.

बाईंसाठी शाळेत काय हवं, हे बाईंनाच विचारा, आणि विचारायला समितीतल्या स्त्रियांनी जावं. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून नळ आणि कडी होते. बाईंना वरिष्ठाकडून वा गावातल्या कुणाकडून त्रास झाला आणि शाळेत दहापेक्षा कमी माणसं कामाला असली, तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे शाळेच्या फलकावर लिहा. लिहिलेलं असलं की निम्मे लोक वचकतात.

गुरुजींच्या बाजूनंही एक सांगतो. पहिलीचा वर्ग पुरुष शिक्षकाकडे आला की आया कुरकुर करतात. करू नका. पोरांचा शेंबूड पुसणारे, वेणी सुटली तर बांधून देणारे गुरुजी मी पाहिलेत. तेही पोरांनी बघायला हवेत.

शिक्षक चुकतात, तेव्हा काय करायचं? उशिरा येणं, शिकवणं टाळणं, असल्या गोष्टी आधी मुख्याध्यापकांशी, मग समितीत, मग केंद्रप्रमुखांकडे लेखी. छडी आणि अपमान दोन्ही शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद आहेत. "आमच्या वेळी मारायचे म्हणून शिकलो" हे ऐकून घेऊ नका. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षकाचा फोटो टाकून तमाशा करणं हे तक्रार करणं नाही, आणि त्या ग्रुपवर पाचवी-सहावीची पोरंही असतात. पण मुलाच्या किंवा मुलीच्या अंगाला हात घातल्याची गोष्ट असेल तर यातलं काहीच नाही. ती गावात बसून मिटवायची नसते. सरळ पोलीस ठाणं, किंवा १०९८ ला फोन. पोक्सो कायद्यानं असा प्रकार माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, मग तो शिक्षक आपल्या भावकीतला असो की परगावचा.

राहता राहिली खोली. नवा शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर असतो. प्राथमिकला ते २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे. त्यातून इंदापूर किंवा बारामतीत भाडं, रोजचा एसटीचा किंवा वडापचा खर्च, गावी पैसे. त्याला गावातच स्वच्छ खोली मिळाली तर शाळा सुटल्यावर तो तासभर पोरांत रमतो, आणि त्या तासात जे होतं ते कुठल्याच अहवालात येत नाही. परक्या जागी पहिला आसरा किती मोलाचा असतो, हे उजनीनं उठवलेल्या गावांतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. नव्या जागी पहिला पावसाळा कसा काढला, कुणी पाणी दिलं आणि कुणी दिलं नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांना अजून नावानिशी आठवतं.

समितीनं मे महिन्यातच गावातल्या दोन-तीन खोल्या ठरवून ठेवाव्यात. घरमालकाशी भाडं आधी बोलून घ्या, आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा: येणारं माणूस कोण, काय खातं, कुणाची पूजा करतं, हे विचारायचं नाही. ज्यांना ते जमणार नाही त्यांची खोली यादीत घेऊ नका, भांडत बसू नका. पहिल्या दिवशी समितीतल्या एखाद्या बाईनं स्टँडवर जावं आणि रात्रीचं जेवण घरी घालावं. ताट वेगळं काढू नये.

आमच्या गावात यंदा दोन खोल्या ठरल्या. एक नेहमीप्रमाणे गिरणीवाल्या वहिनींची. दुसरी त्या पहिल्या घरमालकांची, आणि ती त्यांनी आपण होऊन दिली. पुण्याहून मुलगा काही परत आला नाही. खोलीला चुना दिलाय, बल्ब नवा आहे, किल्ली अंगणवाडीताईंकडे ठेवली आहे.